विकलेली बुलेट पुण्याहून नागपूरला धाडताना
बुलेट नागपूरच्या गिऱ्हाइकाला विकली, तेव्हा मी ती पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून धाडली. घरपोच नेणाऱ्यांपेक्षा मला रेल्वे बरीच स्वस्त पडली. पार्सलने पाठवताना स्वतःचं तिकीट लागत नाही. आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स न्या. पेट्रोल पूर्ण काढा.

पॅकिंगवर मात्र कंजुषी नको. टाकी आणि हेडलाइटवर मी आईची जुनी गोधडी गुंडाळली, वरून गोणपाट घट्ट शिवून घेतलं, आरसे काढून वेगळे बांधले. एक ओरखडा नाही! पुठ्ठ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं ठळक लिहा.

मूळ पावती गिऱ्हाइकाला लगेच कुरिअर करा. गाडी तीवरच सुटते, सोडवायला उशीर झाला तर वारफेज (स्टेशनात पडून राहिल्याचा आकार) चढतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या आणि पैसे खात्यात, मगच बुकिंग.