सिगारेट सुटली, पण तिसऱ्या प्रयत्नात

मी सतरा वर्षे सिगारेट ओढत होतो आणि त्या काळात दोनदा केवळ निश्चयाच्या बळावर ती सोडून पाहिली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशीच हार मानली. निकोटिन बंद केल्यावर होणारा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांतच सर्वाधिक असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, त्यामुळे तो असाच वाढत जाणार असे मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो दिवसाला किती ओढता हा नव्हे, तर उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता हा. अर्ध्या तासाच्या आत, असे सांगताच त्यांनी २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला, आणि सोबत अंगावर चिकटवायचा पॅच. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन पुरवतो, तर गम अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी असतो.

गम मी सुरुवातीला साध्या च्युइंगगमसारखा चघळला आणि उचक्यांनी हैराण झालो. तो थोडा चावून, जिभेवर झिणझिण्या जाणवताच गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा असतो, कारण निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, आणि गिळलेली लाळ फक्त पोट बिघडवते. कॉफीनंतर लगेच घेतला तर शोषण घटते, हेही उशिराच कळले.

बारा आठवड्यांत मात्रा कमी करत दोन्ही थांबवले. फोनवर बोलताना हात अजूनही खिशाकडे जातो.