मागच्या चाकाचं बेरिंग घरीच बदलताय? या चुका टाळा

"भाऊ, नवं बेरिंग टाकलं तरी घुं घुं येतंच आहे." हे वाक्य मी वर्षातून पाच-सात वेळा तरी ऐकतो. माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, बसवलं कशाने? आणि उत्तरही ठरलेलंच, हातोडीने. मग मी पाणी पितो आणि पहिल्यापासून सांगायला बसतो. आता लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवता येईल.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. जळगावला राहतो, स्वतःच्या आणि नात्यागोत्यातल्या गाड्या सुट्टीच्या दिवशी उघडतो, आणि खाली लिहिलेल्या निम्म्या चुका मीच करून बसलोय. इथे मुख्यतः जुन्या मारुती ८००, अल्टो अशा छोट्या गाड्यांबद्दल बोलतोय, ज्यांच्या मागच्या ब्रेक ड्रममध्येच दोन बेरिंगं (आतली रिंग, बाहेरची रिंग आणि मधे लोखंडी छर्रे) ठोकून बसवलेली असतात. तुमच्या गाडीला अख्खं हब युनिट, म्हणजे बेरिंगसकट तयार येणारा चाकाचा मधला भाग, असेल तर तुमचं काम सोपं आहे, चार बोल्ट काढा, नवं लावा, आणि खर्च जास्त आला म्हणून रडू नका.

पहिली चूक गाडी उघडायच्या आधीच होते, ती म्हणजे आवाज टायरचा आणि बळी बेरिंगचा. टायर उंचसखल झिजला की अगदी बेरिंगसारखाच घुमतो. मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे टाकून एक चक्कर मारा, आवाजाने जागा बदलली तर पैसे वाचले. नाही बदलली तर मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेरिंग संशयित, उलट झालं तर डावं. मागच्या चाकाला हे पुढच्याइतकं स्पष्ट कळत नाही, म्हणून मी गाडी जॅकवर घेऊन एका हाताने चाक फिरवतो आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवतो. खराब बेरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते, बाजरी दळताना जात्याला हात लावल्यासारखी. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही, सरळ दुकानात जाऊन दोन्ही बाजूंची बेरिंगं घेऊन येतात. मी तर म्हणतो एकच गेलं असेल तर एकच बदला, दुसरं फक्त तपासा.

आता हातोडी. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण यात माझी इज्जत गेलेली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या अल्टोचं मागचं डावं बेरिंग गेलं. जुनं काढलं, ड्रम पुसून चकाचक केला, आणि नवं बेरिंग भोकावर ठेवून वर सॉकेट, म्हणजे नट खोलायची लोखंडी वाटी, ठेवलं. घरात जो सॉकेट होता तो आतल्या रिंगवर बरोब्बर बसत होता, मला वाटलं वा, मापाचाच आहे, आणि दोन किलोच्या हातोडीने दणादण हाणलं. बसलं. हाताने फिरवून पाहिलं तर मस्त फिरत होतं, बायकोला सांगितलं की बघ किती पैसे वाचवले. तीन आठवड्यात पुन्हा तोच आवाज, उलट आधीपेक्षा मोठा. मी तावातावाने दुकानात गेलो, म्हटलं बोगस माल देता, डबा छापतात लोक आणि तुम्ही तो विकता, चार गिऱ्हाईकांसमोर बरंच काही बोललो. दुकानदार म्हातारा माणूस, तो काही बोलला नाही, म्हणाला बेरिंग काढून आणा, खराब निघालं तर बदलून देतो.

दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्याने ते मागच्या बाजूला नेऊन बाहेरची रिंग ग्राइंडरने कापली, छर्रे बाजूला केले, चिंधीने ग्रीस पुसलं आणि रिंगचा तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाला, उन्हात धरा. आरशासारख्या त्या पट्ट्यावर बारीक बारीक खड्डे होते, नखाने जेमतेम कळतील एवढे, पण सगळे सारख्या अंतरावर. त्याने छर्रे एकेक करून त्या खड्ड्यांवर ठेवून दाखवले, बरोबर बसले. मग चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाला, "भाऊ, हाई काय करं तू?"

झालं असं होतं की या ड्रममध्ये बाहेरची रिंग घट्ट बसते, आतली रिंग शाफ्टवर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावर, तशी सैल जाते. मी ठोकत होतो आतल्या रिंगवर, म्हणजे प्रत्येक घाव आतल्या रिंगमधून छर्ऱ्यांना, छर्ऱ्यांमधून बाहेरच्या रिंगला. छर्रा आणि रिंग टेकतात किती, तर टाचणीच्या डोक्यापेक्षाही कमी जागेत, त्या एवढ्याशा जागेवर हातोडीचा सगळा मार. बेरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलेलं होतं. हाताने फिरवून ते कळत नाही, कारण हाताने फिरवताना वजन नसतं. मी दुकानदाराची माफी मागितली, दुसरं बेरिंग रोख पैसे देऊन घेतलं, आणि हिवाळ्यात शेतावर भरीत केलं तेव्हा त्यांना आग्रहाने बोलावलं. आले, पोटभर जेवले, आणि सगळ्या पाहुण्यांना हा किस्सा रंगवून सांगून गेले.

तर नियम एकच, जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर द्यायचा. ड्रममध्ये बसवताना बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर घट्ट बसणारं असेल तर आतल्या रिंगवर. आणि माझं स्वतःचं म्हणाल तर मी आता ठोकतच नाही. ड्रम आणि बेरिंग पिशवीत घालून लेथवाल्याकडे नेतो, त्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे, न ठोकता तेलाच्या दाबाने सरळ दाबणारं यंत्र, जुनं काढून नवं बसवायचे मागच्या वेळी दीडशे रुपये घेतले. लोक म्हणतात मग घरी काय केलं? अरे बाबा, बाकी सगळं घरीच केलं ना. गॅरेजच्या मजुरीपेक्षा हे कितीतरी कमी आहे, आणि दीडशे वाचवण्यासाठी नवंकोरं बेरिंग मारण्यात कसली काटकसर.

ज्यांना तरीही घरीच बसवायचं आहे त्यांच्यासाठी माझी जुनी पद्धत. बेरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, ड्रम मे महिन्याच्या दुपारी पत्र्यावर ठेवा. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, लोखंड तर दुपारी दोनला हात लावू देत नाही, गॅसची गरजच नाही. ५० मिलीमीटरच्या भोकाला ५० डिग्रीचा फरक पडला की ते ०.०३ मिलीमीटरच्या आसपास मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसण्याचा सगळा खेळ तेवढ्याच मापाचा असतो. मग जुन्या बेरिंगची बाहेरची रिंग, ग्राइंडरने एका जागी चीर पाडून, म्हणजे ती आत अडकून बसणार नाही, नव्यावर ठेवायची आणि हळूहळू गोल फिरत ठोकायचं. तळाला टेकलं की ठोकण्याचा आवाज बदलतो, भद्द असतो तो टणक होतो. तिथे थांबायचं. सीलबंद बेरिंग मात्र गॅसच्या टॉर्चने तापवू नका, आतलं ग्रीस जळतं.

दुसरा किस्सा साडूभाऊंचा. ते एरंडोलला असतात, स्वभावाने अतिशय घाईचे, जेवतानाही चप्पल घालून बसतील. त्यांनी व्हिडिओ पाहून मागची दोन्ही बेरिंगं बदलली, हातोडीची चूक केली नाही, ती माझ्याकडून ऐकली होती. पण या ड्रममध्ये आतलं आणि बाहेरचं अशा दोन बेरिंगांच्या मधे एक नळीसारखा तुकडा असतो, स्पेसर. जुनी बेरिंगं ठोकून काढताना तो खाली पडतो आणि डोक्यातून जातो. साडूभाऊंच्या डोक्यातून गेला. नट आवळताना चाक जड वाटलं, त्यांना वाटलं नवं आहे, रुळेल.

दुसऱ्या दिवशी बायको-पोरांना घेऊन धुळ्याला लग्नाला निघाले. पारोळ्याच्या अलीकडे मागून जळका वास, पोरगं म्हणालं पप्पा धूर. उतरून बघतात तर उजव्या चाकातून ग्रीस पातळ होऊन रिमवर ओघळलेलं आणि चाकाजवळ हात नेता येत नाही. मला फोन आला तेव्हा मी निम्म्या रस्त्यात होतो, त्याच लग्नाला. ड्रम निघेना, आतली रिंग तापून शाफ्टलाच धरून बसली होती. शेवटी ती छन्नीने फोडून काढावी लागली, शाफ्टवर ओरखडे आले, लग्न कोणालाच मिळालं नाही आणि गाडी टेम्पोत घालून परत नेली.

स्पेसर करतो काय, तर नट आवळला की जोर एका आतल्या रिंगवरून स्पेसरमार्फत दुसऱ्या आतल्या रिंगवर जातो, तिघं मिळून एकच दांडा झाल्यासारखं, आणि छर्रे मोकळे राहतात. स्पेसर नसला की नट दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढतो, बाहेरच्या रिंगा ड्रमच्या खांद्याला, म्हणजे भोकातल्या पायरीला, टेकलेल्या असतात त्या हलत नाहीत, मग छर्रे बाजूने चिरडले जातात. जितका नट घट्ट तितकी चिरड जास्त. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंच्या अंगणात बघितलं, पार्ट धुवायला डिझेल ओतलेलं घमेलं तसंच पडलं होतं, वर मेलेले डास. हात घातला तर तळाच्या काळ्या गाळात दोन्ही स्पेसर.

म्हणून मी उघडतानाच वर्तमानपत्र पसरतो आणि प्रत्येक तुकडा निघाला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडतो, कॅप, स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी), नट, वॉशर, बाहेरचं बेरिंग, स्पेसर, आतलं बेरिंग, सील. पेपरवर एखादी वस्तू उरली की काम थांबतं. आणि शेवटचं बेरिंग बसवायच्या आधी ड्रमच्या भोकात बोट घालून स्पेसर चाचपतो, कितीही खात्री असली तरी. पोरं हसतात, हसू दे.

नटाच्या बाबतीत दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतो आवळून मग पाव फेरी सैल सोडायचा, आमचे आबा असंच करायचे. आबा बरोबर होते, पण त्यांच्या गाडीला टेपर रोलर बेरिंग होतं, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी निमुळते रूळ असलेलं, त्याला थोडी मोकळीक लागतेच. स्पेसरवाल्या बॉल बेरिंगचा नट पूर्ण आवळायचा असतो, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतका. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर शेजाऱ्याचा आणा, तोही नसेल तर साध्या पान्याला लावलेल्या एक मीटर पाइपच्या टोकाला १० किलोचा जोर म्हणजे साधारण १०० न्यूटन मीटर, एवढा हिशोब लक्षात ठेवा, पण हे अंदाजाचं काम आहे, लाज वाटून का होईना पाना मागाच. दुसरा प्रकार म्हणजे पाइपवर उभा राहून उड्या मारणारा. त्याच्याशी मी वाद घालत नाही. स्प्लिट पिन मात्र दर वेळी नवी, जुनी सरळ करून पुन्हा घालणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही.

बाकीच्या चुका पटापट.

विटांवर गाडी उभी करू नका. वीट फुटते, आणि फुटताना सांगून फुटत नाही. स्टँड घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा.

नट सैल करायचा तो चाक जमिनीवर असतानाच, नाहीतर जॅकवरची गाडी हलते.

हँडब्रेक सोडायला विसरून ड्रमला घण मारणारे मी मोजायचे सोडून दिले. ड्रमवर बहुतेक वेळा दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम स्वतःहून बाहेर येतो. कंपनीने ती सोय तुमच्यासाठीच ठेवलीय.

ब्रेकच्या लायनरवरची (ड्रमला घासणारी पट्टी) काळी पूड फुंकू नका, श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसा. आणि ग्रीसचे हात लायनरला लावू नका, मग ब्रेक मारल्यावर कळतं.

एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसवलं तर दिवा पेटतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. असं बेरिंग चुंबकवाल्या ट्रेमध्येही ठेवू नका.

ऑइल सील, म्हणजे ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, नवं टाका, वीस-पन्नास रुपयांसाठी जुनं परत लावून वॉशिंग सेंटरला जोराच्या पाण्याखाली गाडी उभी केली की बेरिंगमध्ये पाणी शिरतं. धुळीच्या टोपीला हातोडीचा पोचा आला असेल तर तीही बदला.

सगळं झालं की लगेच हायवेला जाऊ नका. मी गावाबाहेर दहा किलोमीटर जाऊन येतो, शक्यतो ब्रेक कमी वापरून, थांबतो, आणि आधी चाकाजवळ हात नेऊन मगच हाताची पाठ दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधल्या भागाला लावतो. कोमट चालतं. एक बाजू कोमट आणि दुसरी हात ठेवू न देणारी असेल तर घरी या, पेपर परत पसरा, आणि आधी घमेल्यात हात घाला.