छातीवरच्या ‘लवेच्या गाठी’: या चुका टाळा

छातीच्या मधोमध बारीक, टणक पुळ्या. मोहरी ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या, रंगाने कातडीसारख्या, कधी निळसर किंवा तपकिरी. पिकत नाहीत, बहुतेकदा दुखतही नाहीत आणि महिनोन्‌महिने तशाच राहतात. लहान मुलांत आणि तरुणांत दिसणाऱ्या अशा पुळ्या ‘इरप्टिव्ह व्हेलस हेअर सिस्ट’, म्हणजे लवेच्या गाठी, असू शकतात. या विकाराचं पहिलं वर्णन १९७७ सालचं. आजार निरुपद्रवी आहे. नुकसान होतं ते आपल्याच उपद्व्यापांनी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुळी पिळणं. आत पू नसतोच. केसाच्या छिद्राचं तोंड बुजून पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिनबरोबर, म्हणजे कातडी-केसांतल्या प्रथिनाबरोबर, बारीक लव गुंडाळून बसते. पिळलं की पिशवी आतल्या आत फुटते, शरीर त्या केसांना परकं समजतं, जागा लाल होऊन सुजते. पुढे व्रण राहतो. त्यात छातीवरची कातडी केलॉइडला, म्हणजे फुगीर व्रणाला, फार लवकर बळी पडते. म्हणून मुलाची छाती पिळणाऱ्या आईबाबांना कळकळीने सांगावंसं वाटतं: हात आवरा.

मुरुम समजून अँटिबायोटिक घेत राहणंही व्यर्थ, कारण मुळात जंतुसंसर्ग नसतो. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड-मिश्रित मलम तर नकोच. त्याने कातडी पातळ होते, वर नव्या पुळ्या उठू शकतात. घामोळं समजून खसाखसा घासूही नका.

काही घरांत मोलस्कमच्या, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या पुळ्यांच्या, भीतीने मुलाचा टॉवेल वेगळा ठेवतात. मोलस्कम संसर्गजन्य असतो, या गाठी नसतात. पण दोन्ही दिसायला सारख्या असू शकतात, तेव्हा निदान त्वचारोगतज्ज्ञांवर सोपवा. एक गाठ सुईने टोचून आतला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की लव दिसते. कधी बायोप्सी करतात. घरात आणखी कुणाला अशा गाठी असतील किंवा नखं जाड असतील, तर तेही सांगा.

लेसरची घाई कशाला? काही गाठी आपोआप जातात, लव कातडीतून बाहेर पडते. मात्र त्याला महिने, कधी वर्षं लागतात. रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीच्या, मलमाने काहींना फरक पडतो, पण आग होते, आणि गरोदरपणात ते टाळायचं असतं. लेसरने व्रण राहू शकतात, गाठी पुन्हाही येतात. करायचंच ठरलं, तर आधी दोन-चार गाठींवर करून घ्या आणि ती जागा कशी भरते ते पाहूनच पुढचं ठरवा.