डाव्या क्रँकवरचा पॉवर मीटर कसा वापरायचा

दोन्ही पेडलांचा पॉवर मीटर (पाय किती वॉट ताकद लावतात ते मोजणारं यंत्र) खिशाला झेपेना, म्हणून मी फक्त डाव्या क्रँकवरचा, म्हणजे पेडलच्या दांड्यावरचा घेतला. तो डाव्या पायाचे वॉट मोजून दुप्पट करतो. माझा डावा पाय जरा आळशी, त्यामुळे आकडा कमीच दिसतो. हरकत नाही, स्पर्धा माझ्याच मागच्या महिन्याशी आहे. घेताना क्रँकची लांबी मात्र जुळवून घ्या.

निघण्याआधी झीरो ऑफसेट, म्हणजे भार नसताना मीटर शून्यावर आणणं, कराच. सायकल दहा मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, क्रँक उभा, पेडलवर पाय नको, मग सायकल कॉम्प्युटरवरचं त्याचं बटण दाबा. हे विसरून मी एकदा खडकवासल्याच्या रस्त्यावर फुकटचा चॅम्पियन झालो होतो!

मग चाचणी. वॉर्मअप करून सिंहगडाच्या घाटात २० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल इतक्या जोरात. सुरुवात हात राखून करा. सरासरीचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल इतकी ताकद. माझी सरासरी २०० आली, म्हणून एफटीपी १९०.

बहुतेक राइड्स याच्या ५६ ते ७५ टक्क्यांत ठेवा. माझ्यासाठी १०६ ते १४२ वॉट. स्क्रीनवर ३ सेकंदांची सरासरी लावा, नाहीतर आकडा नुसता नाचतो. चढ आला की गिअर हलका करा. कुणी काका पुढे गेले तर जाऊ द्या.