उतारवयात एचआयव्हीसोबत जगताना आहार: या चुका टाळा

तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६ च्या सुमारास रूढ झाली. त्याआधी एचआयव्हीबाधितांच्या आहाराचा विचार एकाच प्रश्नाभोवती फिरत असे, तो म्हणजे झपाट्याने उतरणारे वजन कसे सावरायचे. आज नियमित औषधे घेणारी आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी झालेली अनेक माणसे साठी-सत्तरी ओलांडत आहेत. त्यांच्यापुढे आता मधुमेह, हृदयविकार, ठिसूळ हाडे, कमजोर होणारी मूत्रपिंडे आणि झिजणारे स्नायू असे प्रश्न उभे आहेत. आहाराचा सल्ला मात्र त्यांना बरेचदा जुन्याच काळातला मिळतो, नाहीतर ज्याला हा आजारच नाही अशा समवयस्काला लागू पडणारा मिळतो. पुढे सांगितलेल्या चुका बहुतेक वेळा काळजीपोटीच होतात, म्हणून त्या ध्यानात यायला वेळ लागतो.

‘भरपूर खा, अंग भरू द्या’

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये असे सुचवले होते की, लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधित प्रौढांची ऊर्जेची गरज सुमारे १० टक्क्यांनी, तर लक्षणे असलेल्यांची २० ते ३० टक्क्यांनी वाढते. हा सल्ला उपचार सर्वदूर पोचण्यापूर्वीचा होता. विषाणू आटोक्यात असलेल्या पासष्ट वर्षांच्या माणसाची हालचाल आणि स्नायू दोन्ही कमी झालेले असतात, त्यामुळे त्याची ऊर्जेची गरज तरुणपणापेक्षा कमीच असते. त्यात एचआयव्हीवरील डोल्युटेग्राव्हिर या औषधाच्या गटातील औषधांनी काही जणांचे वजन वाढते आणि हे वजन पोटाभोवती साठले तर मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘वजन वाढले म्हणजे प्रकृती सुधारली’ ही समजूत म्हणूनच आता सोडून द्यायला हवी.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. काहीही प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो कमी झाले, तर ‘वयामुळे होते’ म्हणून गप्प बसू नये. क्षयरोग, तोंडातील किंवा अन्ननलिकेतील बुरशीचा संसर्ग, नैराश्य, थायरॉइडचा विकार, कर्करोग किंवा औषधांचा परिणाम ओसरणे यांपैकी कोणतेही कारण असू शकते आणि ते डॉक्टरांनीच शोधायचे असते. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून कंबरेचा घेरही लिहून ठेवावा. वजन स्थिर असूनही स्नायू झिजत असू शकतात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांची ताकद कमी झाली आहे असे समजावे.

क्रिएटिनिन वाढलेले पाहून प्रथिने बंद करणे

क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ घटक; तो वाढला की मूत्रपिंडे बिघडली असे समजून काही जण प्रथिने सोडतात. ही चूक मला विशेष चिंतेची वाटते, कारण तिचे परिणाम काही महिन्यांनी, बहुधा पडून हाड मोडल्यावर दिसतात. वयस्क माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण ६० ते ७२ ग्रॅम होते. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि एक कप दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाची सगळी प्रथिने एकाच जेवणात घेण्यापेक्षा डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतून ती तिन्ही वेळच्या खाण्यात विभागली, तर स्नायूंना त्यांचा अधिक उपयोग होतो. जोडीला पायांचा थोडाफार व्यायाम हवाच.

आता क्रिएटिनिनविषयी. डोल्युटेग्राव्हिर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढते. मूत्रपिंडातून ते बाहेर टाकण्याची एक वाट या औषधाने अडते म्हणून असे होते. मूत्रपिंडाला इजा झालेली नसते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल या एचआयव्हीवरील दुसऱ्या औषधाने मात्र काही जणांच्या मूत्रपिंडाला खरोखरच अपाय होऊ शकतो. नुसत्या अहवालातील आकड्यावरून हा फरक कळत नाही. त्यासाठी लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि मागच्या अहवालांशी तुलना करावी लागते. कारण ठरेपर्यंत आपल्या मनाने डाळ-अंडी सोडू नयेत. मूत्रपिंडाचा आजार निश्चित झाला, तर प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील.

गोळी आणि ताट यांचा मेळ न घालणे

वर्षानुवर्षे एकही गोळी न चुकवणाऱ्या माणसाचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, अचानक वाढतो, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: गेल्या काही महिन्यांत नवीन काय सुरू केले? याचे उत्तर पुष्कळदा कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी किंवा आम्लपित्तावरचे औषध असे असते. उतारवयात ही तिन्ही औषधे सर्रास घेतली जातात आणि डॉक्टरांना सांगण्याजोगी ‘औषधे’ म्हणून ती कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

डोल्युटेग्राव्हिर हे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि जस्त यांना पोटातच बांधले जाते आणि रक्तात पुरेसे उतरत नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्याच्यासोबत घ्यायची असेल, तर दोन्ही जेवणाबरोबर घ्याव्यात. उपाशीपोटी घ्यायचे असल्यास डोल्युटेग्राव्हिर त्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधाबाबत मात्र जेवण असले तरी हे अंतर पाळावेच लागते.

एचआयव्हीवरील इतर औषधांचे नियम वेगळे आहेत. त्यांपैकी रिल्पिव्हिरिन पाहा. ते पोटभर जेवणासोबतच घ्यायचे असते. नुसते प्रथिनयुक्त पेय त्याला पुरत नाही, आणि ओमेप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधे त्याच्यासोबत मुळीच चालत नाहीत. अटाझानाव्हिर आणि दारुनाव्हिरही अन्नासोबतच घ्यायची असतात. एफाव्हिरेन्झ मात्र उपाशीपोटी, झोपण्यापूर्वी घ्यावे. तेलकट जेवणावर घेतल्यास ते रक्तात जास्त उतरते आणि चक्कर, विचित्र स्वप्ने असा त्रास वाढतो. रात्री पडण्याची भीती असलेल्या वयात हा तपशील किरकोळ नाही. म्हणून स्वतःच्या गोळीचे नाव आणि तिचा नियम प्रत्येकाने पाठ करावा. दुसऱ्याच्या गोळीचा नियम आपल्याला लागू होत नाही.

कॅल्शियमची अडचण होते म्हणून ते बंद करणे हाही उपाय नव्हे. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलने हाडांची घनता कमी होते आणि वयाने ती कमी होतच असते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांना आणि सत्तरीपुढच्या पुरुषांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. त्यातले जितके आहारातून मिळेल तितके चांगले, कारण मग गोळीच्या वेळांची कसरत आपोआप कमी होते. सत्तरीनंतर ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ८०० आंतरराष्ट्रीय एकके इतकी असते.

‘नैसर्गिक आहे, घेतले तर काय बिघडले?’

बिघडते. मन प्रसन्न राहावे म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती एचआयव्हीवरील अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण इतके घटवते की उपचार निष्फळ ठरू शकतो. लसणाच्या कॅप्सूलबद्दलही डॉक्टरांना विचारावे; स्वयंपाकातल्या लसणाची चिंता नको. जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेऊन प्रतिकारशक्ती वाढत नाही. टांझानियात उपचार सुरू करणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक मात्रेच्या जीवनसत्त्वांचा साध्या मात्रेपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही, उलट यकृताच्या एका चाचणीचे आकडे वाढलेले आढळले.

साखरेच्या एकाच चाचणीवर विसंबणे

रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी एचआयव्हीबाधितांमध्ये, विशेषतः अबाकाव्हिर हे एचआयव्हीवरील औषध घेणाऱ्यांमध्ये, खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. ‘साखर नॉर्मल आहे’ म्हणून गोड खाण्यावरचा आवर सोडण्यापूर्वी उपाशीपोटीची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध सुरू असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून दोन्ही एकत्र असताना त्याची मात्रा सहसा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. दुसरे म्हणजे, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा ‘जुन्या आजाराचा’ किंवा ‘साखरेचा’ म्हणून सोडून दिला जातो आणि सहज भरून निघणारी ही कमतरता तशीच राहून जाते.

फक्त तेल-तूप तोडून हृदय सांभाळणे

चरबी पूर्ण वर्ज्य करण्यापेक्षा तिचा प्रकार बदलणे, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवणे आणि भाज्या-फळे मिळून ४०० ग्रॅम खाणे अधिक उपयोगी पडते. एवढ्याने भागेलच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिप्रीव्ह’ या चाचणीत ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांचा समावेश होता. त्यांच्यापैकी पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातील औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघातासारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून पथ्य पाळतो म्हणून स्टॅटिन नको, असे परस्पर ठरवू नये.

भूक गेली की वयावर ढकलणे

कोरडे तोंड, हलणारे दात, घास गिळताना दुखणे, चव न लागणे यांची कारणे बहुधा सापडतात आणि त्यांवर उपायही असतात. एकटेपणाचे कारण मात्र शोधायला कोणी बसत नाही. आपला आजार घरातल्यांना कळू नये म्हणून काही वृद्ध चारचौघांच्या पंगतीत गोळी काढत नाहीत. मग जेवणासोबतची गोळी उपाशीपोटी जाते, किंवा उपाशीपोटीची गोळी ताटावर घेतली जाते. ही अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. गोळीची वेळ बदलता येते, आणि शक्य असल्यास जेवणाशी न बांधलेले औषधही सुरू करता येते.