संरक्षक साधने : धोका ओळखून निवड, निवडीनुसार वापर

कामगारांना कोणती संरक्षक साधने द्यायची हे ठरवण्याआधी कामाच्या जागेची पाहणी करावी आणि प्रत्येक कामात धोका नेमका कशाचा आहे, तो कोणत्या वाटेने शरीरापर्यंत पोहोचतो आणि मुळातच टाळता येईल का, हे लिहून काढावे. घातक रसायनाऐवजी सौम्य रसायन वापरणे, यंत्राच्या फिरत्या भागांवर जाळी बसवणे, काँक्रीट कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवून धूळ जागीच दाबणे, हे उपाय आधी करावेत. हेल्मेट, हातमोजे आणि मास्क हे त्यानंतर उरलेल्या धोक्यासाठी आहेत. ते रोज, न चुकता आणि नीट वापरले तरच उपयोगी पडतात, आणि पाळीच्या शेवटी दमलेल्या माणसाकडून ही अपेक्षा दर वेळी पुरी होत नाही.

सर्वाधिक गैरसमज मास्कबाबत आढळतात. एन-95 मास्कची गाळणी हवेतील किमान 95 टक्के सूक्ष्म कण अडवते. परंतु थिनरची वाफ किंवा विषारी वायू तिच्यातून सरळ आत जातो, आणि त्यासाठी त्या वायूकरिताच बनवलेले कार्ट्रिज (वायू शोषून घेणारी डबी) असलेला रेस्पिरेटर, म्हणजे तोंडानाकावर घट्ट बसणारा मास्क, लागतो. बंद टाकीत किंवा भुयारी गटारात, जिथे ऑक्सिजनचे प्रमाण 19.5 टक्क्यांपेक्षा कमी असू शकते, तिथे कोणताही गाळणीचा मास्क निरुपयोगी ठरतो, कारण हवेत नसलेला ऑक्सिजन गाळणी आणणार कुठून? अशा जागी आधी हवेची तपासणी करावी आणि उतरावेच लागले तर बाहेरून किंवा सिलिंडरमधून हवा पुरवणारे उपकरण वापरावे.

मास्क घालताना वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा कानांखालून मानेवर घ्यावा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकारानुसार दाबावी, मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोराने श्वास सोडावा. कडेने किंवा डोळ्यांकडे हवा जाणवली, तर मास्क पुन्हा बसवावा. कडेखाली दाढीचे खुंट असले तरी फट राहते, त्यामुळे घट्ट बसणारा मास्क वापरणाऱ्याने दाढी करूनच कामावर यावे.

हातमोज्यांच्या बाबतीत पहिला नियम ते कुठे घालू नयेत याचा आहे. ड्रिल मशीन आणि लेथ यांसारख्या फिरत्या यंत्रांवर हातमोजा अडकून हात आत ओढला जातो. तिथे उघडे हात अधिक सुरक्षित असतात. तेल आणि ग्रीससाठी नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे चांगले, पण ॲसिटोनसारखे द्रावक त्यांतून लवकर झिरपते, आणि हे झिरपणे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रसायनासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक वाचूनच हातमोजा निवडावा.

ग्राइंडर चालवताना फेस शील्डच्या आत गॉगलही घालावा, कारण शील्डच्या खालून आणि कडेने कण आत येतात. आवाज 85 डेसिबलच्या पुढे गेला की कानांचे संरक्षण हवे. फोमचा इअरप्लग बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून तो आत सरकवावा आणि पूर्ण फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. बाहेर लोंबणारा प्लग घातला काय, न घातला काय, सारखेच.

उंचीवरच्या कामात हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांची, दोरी शक्यतो डोक्याच्या वरच्या, भक्कम आधाराला अडकवावी. मोठा आघात झालेले हेल्मेट आणि पडणाऱ्याला झेललेला हार्नेस वरून धड दिसला तरी बाद करावा. रसायनाचे काम संपल्यावर हातमोजे उलटे करत काढावेत, म्हणजे दूषित बाजू आत राहते. नंतर हात धुऊन गॉगल आणि शेवटी मास्क काढावा. पुन्हा वापरायचा रेस्पिरेटर पुसून बंद पिशवीत ठेवावा. तो यंत्राशेजारी खिळ्याला टांगला, तर दिवसभराची धूळ त्याच्या आतल्या बाजूला बसते.