जुनं पुस्तक पुन्हा हाती घेताना

आधी तुमचीच जुनी प्रत शोधा, नवी नको. माझी 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, महाल भागातल्या घरी माळ्यावर, लोखंडी पेटीत सापडली. नागपूरच्या उन्हाळ्यात बांधणीचा गोंद वाळून तडकतो, म्हणून पुस्तक सपाट उघडू नका. तळहातावर अर्धवटच धरा. कसर दिसली तर पानं सावलीत, वाऱ्यावर ठेवा.

घाई करू नका. मी दुपारी कूलरसमोर बसून रोज थोडीच पानं वाचते. जुन्या खुणा खोडू नका. नवी खूण दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं करा, शेजारी साल लिहा. मन रमलं नाही तर खुशाल मिटा, पण रद्दीत घालू नका हो!

चौदाव्या वर्षी मी तरुण मास्तराच्या धडपडीखाली रेघा मारल्या होत्या. यंदा पेन्सिल थांबली ती दुष्काळानं वाडी रिकामी होते तिथे. ते पान तेव्हा कोरंच राहिलं होतं.